समास उजवीकडे

४ जुलै, मंगळवार

डॉक्टरने सांगितलंय, रोज प्रेशर लिहून ठेवा, झोप लिहा, काय खाल्लं ते लिहा. पोरगं माझ्या कात्रीपेक्षाही लहान आहे, पण सांगतं ठसक्यात. मी म्हटलं, लिहीन. घरात कोऱ्या कागदाचे तुकडे होतेच, ते शिवून ही वही केली. वही माझी, दोरा माझा, तेव्हा लिहीनही माझंच. प्रेशर जास्त आहे. झोप नाही. डॉक्टरचं काम झालं.

आता माझं. नातीच्या सरकारी शाळेत या वर्षापासून अरबी शिकवणार आहेत. शहरातल्या तीनच शाळा निवडल्यात, जमतंय का बघायला, आणि त्यातली एक नेमकी आमची. रस्त्यात एकच खड्डा असला तरी पाय आमचाच जायचा. भिंगरीने नाव देऊनही टाकलं. भिंगरी म्हणजे माझी नात. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. सही सुनेने केली. मला कुणी विचारलं नाही.

मी सुनेला म्हटलं, "शाळेला दुसरं काही सुचलं नाही का?"

ती म्हणाली, "आई, तिचे बाबा तिकडेच आहेत ना. दोन शब्द आले तर बिघडलं कुठे?"

"त्यालाही दोनच वर्षं जायचं होतं," मी म्हटलं. "तेव्हा ही रांगत होती. आता सहावीत आहे."

सून डबा घेऊन बस डेपोत तिकीट खिडकीवर निघून गेली. तिची हीच खोड वाईट. भांडण अर्ध्यावर सोडून कामाला जाते.

७ जुलै, शुक्रवार

शाळेत पालकांची सभा. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं बसवली की सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागतात आणि मग कुणालाच मोठेपणा दाखवता येत नाही. फक्त पालक समितीच्या अध्यक्षांना खुर्ची. अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरचा औषधवाला. बोलण्याआधी, बोलताना आणि बोलून झाल्यावर खाकरतो, म्हणून सगळे त्याला पाठीमागे खाकरे म्हणतात. त्याचं म्हणणं असं की आज भाषा आली, उद्या भाषेच्या मागून आणखी काय काय येईल. आणि मुलांवर ओझं किती. मी टाळी वाजवली. माणूस पटत नाही, पण मुद्दा पटला तर टाळी वाजवावी.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, शांतपणे म्हणाल्या, "ज्यांना शंका आहे त्यांनी मागच्या बाकावर येऊन बसावं. तास बंद दारामागे होणार नाही."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणाला दुकान, कुणाला ड्युटी. मग खाकरे माझ्याकडे वळला. "आजी, तुम्हाला वेळ आहे, डोळे आहेत, आणि जीभ तर..."

"जिभेचं पुढे बोला," मी म्हटलं.

तो नुसता खाकरला. तर ठरलं असं की दर तासाला मी जायचं, काही भलतंसलतं शिकवत नाहीत ना ते बघायचं आणि समितीला सांगायचं. पगार नाही. हेरगिरीला पगार देत नाहीत असं दिसतं.

११ जुलै, मंगळवार

गेले. मला वाटलं होतं कुणी दाढीवाले मास्तर असतील. बघते तर एक बाई, पन्नाशीच्या, पायात नर्सचे पांढरे बूट. तिकडच्या दवाखान्यात अठरा वर्षं नर्स होत्या. भाषा तिथल्या वॉर्डात शिकल्या, अक्षरं मागाहून. मुलांनी लगेच नर्सबाई नाव ठेवलं.

हजेरीला मुलं "हजर" म्हणाली, तर बाई हसून म्हणाल्या, "हा पहिला शब्द तुम्हाला आधीच येतो. तिकडचाच आहे." मग फळ्यावर साबण, कुलूप, तारीख असं काय काय लिहिलं. हेही तिकडून आलेलं म्हणे. एका पोराने विचारलं, "मग आपल्याकडे आपलं काय आहे?" बाई म्हणाल्या, "गृहपाठ." मला हसू आलं. ते मी खोकून झाकलं.

लिहितात उलटं. उजवीकडून निघायचं आणि डावीकडे जायचं. आवाज घशाच्या तळातून काढायचा. खाकरे इथे आला असता तर पहिला नंबर मिळवता.

समितीला सांगितलं: दार, खिडकी, पाणी, गाढव. खाकरे म्हणाला, "बस? एवढंच?" त्याचा चेहरा पडला. भलतंसलतं काही निघालं नाही याचं माणसाला एवढं वाईट वाटावं?

१३ जुलै, गुरुवार

प्रेशर: आहे.

भिंगरी वर्गात सारखा हात वर करते आणि नको ते विचारते. बाकी मुलं चेंडू, सायकल, मांजर विचारतात. ही विचारते गुडघा कसा म्हणायचा, गोळी कशी म्हणायची, जेवणात मीठ कमी घाला कसं सांगायचं. आज विचारलं, "'यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं' हे कसं सांगायचं?" नर्सबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि सावकाश सांगितलं. भिंगरीने दोनदा म्हणून घेतलं. डॉक्टर व्हायचं खूळ शिरलेलं दिसतंय. डॉक्टर झाली तर निदान असल्या वह्या तरी लिहायला लावणार नाही.

माझ्या डाव्या कानाला काही झालेलं नाही. लोकच तोंडात बोलतात.

१६ जुलै, रविवार

रविवारी मुलाचा फोन. तिकडे जहाजांच्या कारखान्यात वेल्डर आहे. भिंगरी त्याच्याशी अरबीत बोलली. चार वाक्यं असतील. तो हसला, मग तोही तसंच काहीतरी बोलला, आणि दोघं माझ्या डोक्यावरून बोलत राहिले. सून कपड्यांच्या घड्या घालता घालता हसत होती. माझ्या घरात, माझ्या खुर्चीपुढे, मला कळू नये असं बोलणं! मी चहा ठेवायला उठले. कुणाला नको होता.

मग सून फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लोटलं होतं, लावलं नव्हतं. मी काही ऐकायला गेले नव्हते. उजवा कान दाराकडे होता, त्याला मी काय करू? सून म्हणत होती, "इथल्या सरकारी शाळेचा अरबीचा वर्षाचा दाखला असला तर तिला तिच्याच वर्गात घेतात, नाहीतर दोन वर्षं मागे बसवतात. तिला मागे बसवून न्यायचं नाही, हे तुमचंच म्हणणं ना... हो, म्हणून हा तास टिकला पाहिजे... दाखला मिळाला की मग सगळेच..." एवढ्यात पातेल्यातलं पाणी उतू गेलं आणि गॅस विझला.

म्हणजे असं आहे. भाषा नव्हे, तिकीट आहे ते. तास टिकला की दाखला, दाखला मिळाला की विमान. सगळेच म्हणजे ते तिघं. माझी गणती सामानात. जे न्यायचं नाही त्यात.

चहा मी एकटीने प्यायले. दोन्ही कप.

१८ जुलै, मंगळवार

समितीत आज मी सांगितलं की मुलांवर ओझं पडतंय, घसे बसतायत. खाकरेने वहीत लिहून घेतलं. एकाच मुलाचा घसा बसला होता आणि तो मैदानात ओरडून. पण घसा तो घसा.

२२ जुलै, शनिवार

सून आणि भिंगरी फोटो काढून आल्या. पांढऱ्या पडद्यापुढे, कान दिसतील असे. शाळेच्या ओळखपत्राला म्हणे. सुनेलाही शाळेत घालणार आहेत का, हे मी विचारलं नाही. सून म्हणाली, "आई, उद्या तुमचाही काढून आणू."

"हार घालायची वेळ येईल तेव्हा काढा," मी म्हटलं. "नाहीतर आत्ताचा हसरा निघेल, भिंतीवर शोभायचा नाही."

ती हसली नाही. म्हणाली, "आई, तुम्ही कधीतरी सरळ बोला ना." मी सरळच बोलत होते.

संध्याकाळी नर्सबाई आल्या, रिक्षातून दोन गठ्ठे घेऊन. कार्यालयाने पुस्तकं छापली, पण बांधायची सोय केली नाही. सुटी पानं पाठवून दिली. भिंगरीने वर्गात सांगितलं होतं, माझ्या आजीने तीस वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात काढलीत. "मावशी, चाळीस प्रती आहेत," नर्सबाई म्हणाल्या. "तीन तारखेला तपासणीला साहेब येणार. जमेल?"

मला जमेल का विचारते! मी कधी दुसरीच्या पुढे गेले नाही, पण या शहरात दोन पिढ्या ज्या वह्यांवर शिकल्या त्या मी शिवल्यात. म्हटलं, ठेवा तिथे.

२९ जुलै, शनिवार

झाली चाळीस. सुटी पानं म्हणजे काठाने भोकं पाडून आडवी शिलाई. दाभण जुनं पण टोक शाबूत. खळ घरी शिजवली. पुठ्ठे शाळेचे, पाठीला निळं कापड माझं. हात एकदा चालायला लागले की डोकं लागत नाही. मी आपली भिंतीकडे बघत शिवत होते.

छापणाऱ्याने काम बरं केलेलं नाही. समास, म्हणजे पानाची कोरी बाजू, डावीकडे बोटभरही नाही आणि उजवीकडे ढीगभर. छापताना कागद सरकला असणार. मी काही बोलले नाही. आपण बांधणारे, आपण बांधावं.

भिंगरी शाळेतून आली तेव्हा मी सगळी खोक्यात भरून वरून दोरी बांधली होती. "बघू ना," म्हणाली. मी म्हटलं, खळ ओली आहे, हात लावायचा नाही. सुनेला सांगून रिक्षाने शाळेत पोचवली.

खळ कालच वाळली होती. पण पोरांचे हात चिकट असतात.

३ ऑगस्ट, गुरुवार

तपासणी. कार्यालयातले साहेब, मोठ्या बाई, खाकरे, आणि मागच्या बाकावर मी. पुस्तकं तिथेच खोक्यातून काढून वाटली. नवीन पुस्तकाचा वास आला की पोरं चुपचाप होतात.

साहेबांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला वाचायला सांगितलं. तिने पुस्तक समोर धरलं आणि डावा काठ उचलून उघडायला गेली, तर उघडेना. पाठ डावीकडे. तिने उलटं केलं, तर अक्षरंच डोक्यावर उभी. परत सुलटं केलं. पान उलटलं तर दुसऱ्याच्या जागी तिसरं. वाचायला लागली आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबायला लागली. ओळीचा शेवटचा शब्द शिलाईत गेलेला. ती बोटाने फट उघडून आत डोकावायला लागली, विहिरीत बघावं तसं. पोरं हसली. मग सगळीच आपापल्या पुस्तकात डोकावायला लागली.

साहेब म्हणाले, "हे बांधलं कुणी?"

मोठ्या बाई मागे बघतील असं मला वाटलं. नर्सबाईच पुढे झाल्या. "साहेब, सूचना द्यायला मी विसरले. उजवीकडून बांधायचं असतं हे मीच सांगायला हवं होतं."

खाकरे खाकरला आणि म्हणाला, "ज्यांना पुस्तक कुठून उघडतं ते ठरवता येत नाही, ते भाषा काय शिकवणार?"

साहेबांनी लिहून घेतलं. पुढच्या गुरुवारी परत येणार. तोवर नीट पुस्तकं मुलांच्या हातात नसतील तर या वर्षी हा विषय बंद. नवीन छापून मिळणार नाहीत.

माझी चूक नाही. तीस वर्षं हात डावीकडेच शिवत आले. हातांना कुणी सांगितलं नाही.

प्रेशर मोजलं नाही. काय येणार ते माहीत आहे.

४ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी सकाळी खाकरे घरी आला. हातात सफरचंदं. माझ्या दारात तो आजवर कधी उभा राहिलेला नाही. औषधं उधार मागायला मीच त्याच्या दारात गेलेय.

"आजी, मानलं," तो म्हणाला. "चार सभा घेऊन आम्हाला जमलं नसतं ते तुम्ही एका सुईत करून दाखवलंत. आणि कुणाला कळलंही नाही."

"काय कळलं नाही?"

त्याने डोळा मारला. साठीला आलेल्या माणसाने. "आता गुरुवारपर्यंत काही करू नका म्हणजे झालं. तब्येत बरी नाही म्हणा. गोळ्या मी देतो."

मी म्हटलं, "तीस वर्षांत माझ्या हातचं एकही पुस्तक परत आलेलं नाही. मालक बदलले तीन, मशिनं बदलली, पण परत आलं नाही. तुम्ही माझ्या बिघडलेल्या कामाची वाहवा करायला आलात?"

"अहो, बिघडलं कुठे, बरोबर झालं म्हणतोय मी."

"सफरचंदं घेऊन जा," मी म्हटलं. "मऊ आहेत."

तो गेला. भिंगरी दप्तर घेऊन दारात उभी होती. सगळं ऐकलेलं. शाळेत जायला उशीर होत होता तरी बुटाची नाडी सोडून बांधत बसली. मग खाली बघूनच म्हणाली, "आजी, मी माझी पहिली वही शिवली ना, तेव्हा तू मला टपली मारली होतीस. म्हणालीस, दाभण नंतर, आधी समास बघायचा."

मी म्हटलं, "असं मी म्हणाले असेन तर बरोबरच म्हणाले."

"हो," ती म्हणाली, आणि गेली. दुपारी आली तरी बोलली नाही. जेवताना पाणीसुद्धा आईकडून मागून घेतलं. रागावली तर मला चालतं, रागाला उत्तर देता येतं. ही नुसती गप्प.

संध्याकाळी मी शाळेच्या शिपायाला निरोप पाठवला, खोकं परत पाठव.

६ ऑगस्ट, रविवार

शिवायला लागतो त्याहून वेळ उसवायला लागतो. दोरा कापायचा, पण पान फाटता कामा नये. पाठीचं कापड ओल्या फडक्याने भिजवून सोलायचं. मग पानं उशाखाली घ्यावी तशी वजनाखाली दाबून वाळवायची. मग उजवा काठ पुढे घेऊन पुन्हा भोकं. हात आपोआप डावीकडे वळतात. तीन वेळा दाभण चुकीच्या काठाला लावलं आणि तिन्ही वेळा स्वतःला शिवी दिली. डावीकडची जुनी भोकं राहणारच. शेवटच्या अक्षरांना टोचलेली. खळीने बुजवली तेवढी बुजवली. लपत नाहीत.

फोन आला तेव्हा मी मान वर केली नाही. सून आतून बोलली.

दुपारी नर्सबाई आल्या. न विचारता समोर बसल्या आणि दोरे निवडायला लागल्या. नर्सचे हात, टाके काढायची सवय. चार पुस्तकांचे दोरे निघाले. मग मीच म्हटलं, "तुम्ही साहेबांपुढे खोटं का बोललात? समास काय सांगतो ते बांधणाऱ्याला कळतं. सूचना लागत नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "कारखान्यात पानांच्या शिवायच्या घडीला जुज म्हणता ना, त्यावरून जुजबंदी, तोही शब्द तिकडचाच. ज्याला जुज कळतो त्याला समास कळत नाही होय?"

मी दाभण खाली ठेवलं. "मग बोला की काय बोलायचं ते."

"मला काही बोलायचं नाही, मावशी. मी गेले तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती. माझ्या आईकडे ठेवली. मी निघाले त्या दिवशी आईने माझा पासपोर्ट पिठाच्या डब्यात लपवला होता."

"मग?"

"सापडला. आईच्या घरात डबा कुठला उघडायचा हे लेकीला बरोबर कळतं."

"आणि आई?"

"गेली. मला पोचता आलं नाही. म्हणून परत आले. तोवर मुलीचं लग्न होऊन ती तिसरीकडेच." त्यांनी एक पान उजेडात धरलं. "हे पान फाटलंय, मावशी. चिकटवून घ्यावं लागेल."

मी चिकटवलं. असल्या गोष्टीवर काय बोलायचं असतं मला माहीत नाही. शहाण्या बायांनी पासपोर्ट पिठात ठेवू नये, बुरशी धरते, एवढंच सुचलं. तेही बोलले नाही.

८ ऑगस्ट, मंगळवार

निम्मी झाली. आज भिंगरी शाळेतून आली, बूट काढले आणि समोर बसून खळ ढवळायला लागली. बोलली नाही.  खळ मात्र पातळ केली, ती मला परत शिजवावी लागली.

हे मी का करतेय असं मी मला विचारलं. गुरुवारी पुस्तकं नीट निघाली की तास टिकणार. टिकला की या दोघी जाणार. मग मी आणि हे दाभण. कुणी सांगितलंय? तब्येत बरी नाही म्हटलं असतं तर डॉक्टरनेही दुजोरा दिला असता. पण खाकरेच्या त्या डोळ्याची आठवण आली की हात पुन्हा चालायला लागतात. त्याच्या बाजूचं माणूस म्हणून मरायचं नाही मला.

१० ऑगस्ट, गुरुवार

साहेब आले. तीच मुलगी उठली. पुस्तक नीट उघडलं आणि न थांबता वाचलं. साहेबांनी एक प्रत घेतली, पाठ वाकवून बघितली, पानं फडफडवली. मग डाव्या काठावर बोट फिरवलं. "ही भोकं कसली?"

मी उठले. बाक लहान, त्यामुळे उठायला वेळ लागला. म्हटलं, "माझी. आधी चुकीच्या बाजूने बांधली होती. समास दिसत होता तरी बांधली. बाई काही विसरल्या नव्हत्या."

"का बांधली?"

"ते माझ्या घरचं आहे," मी म्हटलं. "शाळेचं काम आता नीट झालंय, ते बघा."

खाकरे खाकरायला विसरला. साहेबांनी सही केली. तास चालू राहणार. बाहेर मोठ्या बाई मला म्हणाल्या, "आजी, समितीला आज काय सांगणार?" मी म्हटलं, "सांगेन की हेराला काढून टाका."

भिंगरी घरी येईपर्यंत बडबडत होती. एकाही वाक्यात श्वास घेतला नाही.

१३ ऑगस्ट, रविवार

सुनेने आज भाजी निवडता निवडता सांगितलं. भांडण अर्ध्यावर सोडणारी बाई, पण आज बसून राहिली. आधी म्हणाली, "तुम्ही ते का केलंत ते मला कळलं. त्या दिवशी तुम्ही दारापाशी होतात आणि तिकडे चहाचं पातेलं उतू गेलं, तेव्हाच कळायला हवं होतं."

मी शेंगांची टोपली जवळ ओढली.

"आई, अर्धंच ऐकलंत तुम्ही. वर्ष संपलं की आपण सगळे जायचं असं ठरतंय. चौघं. त्यांना तिकडे दोन खोल्यांचं घर मिळतंय. तुमचेही कागद त्यांनी केलेत. फक्त फोटो राहिलाय."

"मला कधी सांगणार होता?"

"तुम्ही नाही म्हणाल म्हणून ते म्हणाले, आधी सगळं पक्कं करू, मग सांगू. मग नाही म्हणायला जागा उरणार नाही."

मी शेंगा तोडत राहिले. दुसरी एखादी बाई असती तर रडली असती, गळ्यात पडली असती. मला राग आला. इतका आला की शेंगा कचऱ्यात आणि देठ टोपलीत टाकले. चार आठवडे मी मागे राहिलेली म्हणून जगले, आणि त्यांनी मला गाठोड्यात बांधून ठेवलं होतं. दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही. टाकून जाणं वेगळं आणि उचलून नेणं वेगळं, असं लोक म्हणतील. खुर्चीला विचारा, तिला दोन्ही सारखंच.

सून म्हणाली, "चला ना, फोटो काढून येऊ."

मी म्हटलं, "आज नाही."

"मग कधी?"

"ते मी सांगेन."

प्रेशर लिहीत नाही. डॉक्टरने कल्पना करावी.

१७ ऑगस्ट, गुरुवार

हेराची नोकरी गेली तरी गेले. मागचा बाक रिकामा ठेवून काय करायचंय. आज धडा बाजाराचा होता. हे केवढ्याला, आभारी आहे, कृपा करून द्या. सगळं गोड गोड. मी हात वर केला. बाईंनी खडू खाली ठेवला.

"बाई," मी म्हटलं, "या पुस्तकात भांडायचा धडा कितवा?"

पोरं हसली. बाई म्हणाल्या, "नाही आहे. कार्यालयाने घेतला नाही."

"मग ही भाषा कोण बोलतं? देव? ज्या भाषेत माणसाला भांडता येत नाही त्यात तो नुसता मान हलवत राहणार."

"तुम्हाला काय म्हणायचंय ते सांगा," बाई म्हणाल्या. "मी वॉर्डात आधी भांडणच शिकले होते. आभार पुष्कळ नंतर."

मी विचार करून सांगितलं. "'मला न विचारता माझं ठरवणारा तू कोण?'"

बाई माझ्याकडे जरा बघत राहिल्या. "कुणाला म्हणायचंय?"

"आहे एक."

त्यांनी फळ्यावर लिहिलं, उजवीकडून डावीकडे. मग एकेक शब्द म्हणून दाखवला. मधला एक शब्द घशाच्या पार तळातून आणायचा होता, तो मला येईना. बाई म्हणाल्या, सगळ्यांनी म्हणा. पोरांना असलं वाक्य उभ्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. ती बाकं वाजवून म्हणायला लागली. आवाज ऐकून मोठ्या बाई दारात आल्या. सगळा वर्ग त्यांच्याकडे बोट करून म्हणाला. त्यांना अर्थ कळला नाही हे नशीब. म्हणाल्या, "छान. उच्चार स्पष्ट येतायत."

घरी भिंगरीने माझ्याकडून भांडी घासता घासता पन्नासदा म्हणून घेतलं. घसा बसला. समितीला कळवायला हवं.

२० ऑगस्ट, रविवार

फोन आला. मी सुनेच्या हातातून घेतला. स्पीकर लावून दिला भिंगरीने. तो म्हणाला, "आई, कशी आहेस? सांगितलं ना हिने?"

मी खुर्चीत नीट बसले, पदर सारखा केला आणि म्हटलं ते वाक्य. सगळं. न अडखळता.

तिकडे मागे कुणाचं तरी लोखंड ठोकल्याचा आवाज येत होता. तोही थांबला असं वाटलं. मग तो म्हणाला, "आई, हे तुला कुणी शिकवलं?"

"सरकारी शाळेने."

"हे असं इथे कुणाला म्हणू नकोस हां. लोक रागावतात."

"रागावण्यासाठीच असतं ते," मी म्हटलं. "आणि कुणाला म्हणणार? ज्याला म्हणायचं त्याला म्हणाले."

तिकडे लोखंड पुन्हा वाजायला लागलं. मग तो म्हणाला, आणि आवाज लहानपणी काहीतरी फोडून आल्यावर असायचा तसा होता, "आई, तुला यायचंय का?"

सून घडी घालायची थांबली. भिंगरी माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हटलं, "हे झालं विचारणं. आता मी विचार करीन."

"किती दिवस?"

"दाखल्याला वर्ष आहे ना? मग घाई कसली. आणि एक सांग, तुझ्या त्या घराजवळ भाजी चांगली मिळते का? नसेल तर मला बाईंकडून आणखी दोन वाक्यं घ्यावी लागतील."

तो हसायला लागला. म्हणाला, "आई, ते मघाचं परत म्हण ना. इथे सगळ्यांना ऐकवतो."

परत म्हटलं. या वेळी तो घशातला शब्द बरोबर आला.